पाणथळीचा कार्यक्रम : आधी मोजणी ठरवा, मग बॅनर छापा

प्रश्न : गोदावरीवरच्या नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याच्या (पक्षी अभयारण्याच्या) काठावरच्या गावांतल्या तरुणांचं आमचं मंडळ आहे. दरवर्षी २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिनानिमित्त रॅली, चित्रकला स्पर्धा आणि एक भाषण ठेवतो. यंदा एका देणगीदाराने १ लाख २० हजार रुपये देऊ केले आहेत, पण वर्षअखेरीस कार्यक्रमाचा परिणाम दाखवा, अशी अट घातली आहे. मागच्या वर्षी भाषणाच्या आधी आणि नंतर मुलांची चाचणी घेतली होती. दोन्ही वेळा बहुतेकांना पैकीच्या पैकी! आता सातवीचे वर्ग असलेल्या चार शाळा आणि काठावरचे द्राक्षबागायतदार यांच्यासाठी काही करायचं मनात आहे. आखणी कशी करावी, परिणाम कसा मोजावा? पक्ष्यांची संख्या वाढली तर तो आमचा परिणाम म्हणता येईल का? आणि रॅली बंद करावी का?
– एक कार्यकर्ता, निफाड तालुका

उत्तर :

नमस्कार,

पक्ष्यांचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचं उत्तर सर्वांत सोपं आहे : नाही. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हे पाहुणे हिमालयापलीकडून येतात. तिकडे वीण कशी झाली, यावर त्यांची संख्या ठरते. इथे आल्यावर ते कुठे उतरतील हे बंधाऱ्यातल्या पाण्याच्या पातळीवर ठरतं, आणि ती पातळी वरच्या गंगापूर-दारणा धरणांतून किती पाणी सुटलं, कालव्याचं आवर्तन (शेतीला पाणी सोडण्याची पाळी) कधी चालू झालं यावर. दुष्काळात आजूबाजूचे तलाव आटले की पक्षी नांदूरला गर्दी करतात. म्हणजे परिस्थिती बिघडली तरी आकडा वाढतो. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, पक्षी गावोगावच्या तळ्यांवर पांगले, की तोच आकडा कोसळतो. वाढीचं श्रेय घेतलंत तर घटीचा जाबही तुम्हालाच द्यावा लागेल. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत जरूर भाग घ्या, ती नोंद मोलाची आहे. पण ती पाणथळीची नोंद आहे, तुमच्या कार्यक्रमाची नव्हे.

आता आखणी. ‘पाणथळींबद्दल जागृती करणे’ हे उद्दिष्ट प्रस्तावातून आजच खोडा. जागृती झाली की नाही हे कुणालाच दाखवता येत नाही. त्याऐवजी एक वाक्य पूर्ण करा : ‘या गावातले अमुक लोक, अमुक ठिकाणी, आज जे करतात त्याऐवजी अमुक करू लागतील.’ हे वाक्य जमेपर्यंत बॅनरची ऑर्डर देऊ नका.

वाक्य जमवताना तुमच्या हातात काय आहे आणि काय नाही, याचा हिशेब मांडा. जानेवारी २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झालं, तेव्हाच्या माहितीत तिथले धोके सांगितलेले आहेत : जलपर्णी, वाढतं शहरीकरण, पाण्याचा उपसा. नाशिक शहराचं सांडपाणी तुमच्या मंडळाच्या भाषणाने थांबणार नाही. जलपर्णी त्याच सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते, म्हणून एक दिवस श्रमदानाने काढलेली जलपर्णी पुन्हा पसरते. (काढून काठावरच ढीग घातला तर पावसात कुजून तेच नत्र-स्फुरद परत पाण्यात जातं. काढायचीच असेल तर खतासाठी पाण्यापासून लांब नेण्याची सोय आधी करा.) हे प्रश्न खरे आहेत, त्यांचा पाठपुरावा वेगळ्या मार्गाने व्हायला हवा. पण १ लाख २० हजारांत आणि एका हंगामात मोजता येईल असा बदल हवा असेल, तर काठावरच्या माणसांच्या रोजच्या हाताखालचं काहीतरी निवडा.

आमच्या मते तुमच्यासाठी ते द्राक्षबागेच्या फवारणीशी जोडलेलं आहे : फवारणीचा पंप किंवा ब्लोअर कुठे धुतला जातो आणि रिकाम्या बाटल्या कुठे जातात. कारण वेळापत्रक बघा. ऑक्टोबरच्या आगेमागे फळछाटणी होते. नंतरच्या पावसाळी दिवसांत केवडा या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने फवारण्यांचा मारा सुरू होतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत स्थलांतरित पक्षी उतरायला लागतात. दुसरं, बागायतदाराला औषधाच्या अंशाची भाषा शिकवावी लागत नाही. निर्यातीच्या द्राक्षात उर्वरित अंशाची मर्यादा ओलांडली तर काय होतं, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही त्याच काळजीला एक पायरी पुढे न्यायची आहे.

पण थेट सभा घ्यायला जाऊ नका. आधी, ऑगस्टमध्येच, दहा बागायतदारांशी निवांत बोला आणि एकच गोष्ट समजून घ्या : ब्लोअर पाण्याकाठी का नेला जातो? बहुतेक ठिकाणी कारण अज्ञान नसतं. टाकी भरायची मोटार नदीवर असते, पाणी तिथेच हाताशी असतं, म्हणून धुणंही तिथेच होतं. असं असेल तर शंभर भाषणं वाया जातील. तिथे बागेच्या कडेला हजार-दोन हजार लिटरची भरण्याची टाकी लागते आणि तुमच्या पैशातून एक-दोन ठिकाणी ती नमुन्यादाखल बसवणं हे पोस्टरांपेक्षा जास्त काम करेल. उलट ‘धुवायचं पाणी टाकायचं तरी कुठे?’ असं उत्तर आलं तर तिथे माहितीची उणीव आहे, तिथे तुमचं प्रात्यक्षिक कामाला येईल. शिक्षणाने कोणता अडथळा सुटतो आणि कोणता सुटत नाही, हे या दहा गप्पांत कळतं. पाणथळींचे बरेच कार्यक्रम इथेच फसतात : माणसाला माहीत असलेलीच गोष्ट त्याला पुन्हा पुन्हा सांगितली जाते.

सभा छाटणीआधी, सप्टेंबरमध्ये घ्या. संध्याकाळी साडेसातनंतर, एखाद्या बागायतदाराच्या शेडमध्ये, २५ ते ३० जण पुरे. सुरुवात पक्ष्यांच्या स्लाइडने नको, ब्लोअरने करा. बोलणारा गावातलाच, ज्याची बाग लोक बघायला येतात असा माणूस असावा, सोबत गावचे सहायक कृषी अधिकारी. वीस मिनिटांचं प्रात्यक्षिक पुरतं. बाटली टाकीत ओतून रिकामी केल्यावर अर्धा मिनिट उपडी धरायची. मग पाव बाटली स्वच्छ पाणी, झाकण, अर्धा मिनिट जोरात हलवणं, आणि ते पाणी फवारणीच्याच टाकीत. असं तीनदा. त्यानंतर बुडाला भोकं पाडायची, म्हणजे ती घरात पाणी-तेल भरायला किंवा भंगारातून आणखी कुणाकडे जाणार नाही. हातमोजे घालूनच दाखवा. लोक शब्दांपेक्षा हात बघतात. शेतकऱ्याला पटणारा मुद्दा हा की बाटलीच्या तळाशी चिकटलेलं महागडं औषध टाकीत येतं.

टाकीचं म्हणाल तर ५०० लिटरच्या ब्लोअरमध्ये शेवटी ५० लिटर स्वच्छ पाणी घालून, ते आत फिरवून, आत्ताच फवारलेल्या त्याच बागेच्या कडेच्या ओळींवर मारून संपवायचं. दुसऱ्या बागेत नाही, कारण तिथली काढणी जवळ आली असेल तर अंशाची भानगड होते. तणनाशकाची टाकी असेल तर तिचं धुवण द्राक्षावर कधीच नको. हा फरक सभेत स्पष्ट सांगितला नाही तर एखाद्याचे वेल करपतील आणि तुमचा कार्यक्रम त्या दिवशी संपेल. बाहेरून धुण्यासाठी विहीर, ओढा आणि मोटारीच्या जागेपासून लांब, पाण्याकडे उतार नसलेली जागा ठरवायची.

रिकाम्या बाटल्यांसाठी जाळीचा पिंजरा ठेवायची कल्पना तुमच्याही डोक्यात येईल. पिंजरा बसवण्याआधी तो भरल्यावर कोण, कुठे नेणार हे ग्रामपंचायत, तालुका कृषी कार्यालय आणि औषध विक्रेते यांच्याशी बोलून कागदावर ठरवा. नाही ठरलं तर पिंजरा दोन महिन्यांत ओसंडतो, एक दिवस कुणीतरी काडी लावतो, आणि तो धूर नदीतल्या बाटल्यांपेक्षा वाईट. उत्तर मिळत नसेल तर पिंजऱ्याचा नाद सोडा, तीनदा विसळणं आणि भोक पाडणं एवढंच घ्या.

आता मोजणी. ही पहिल्या सभेच्या आधी सुरू झाली पाहिजे. कार्यक्रम झाल्यावर ‘आधी काय होतं’ हे आठवणीने लिहिता येत नाही.

काठावर ५० मीटरचे सहा पट्टे ठरवा. चार पट्टे जिथे टाक्या भरल्या आणि धुतल्या जातात तिथे, पुराच्या रेषेच्या वर. दोन पट्टे मुख्य पात्रालगत, जिथे फक्त वरून वाहून आलेला कचरा अडकतो. दर पंधरा दिवसांनी त्याच दोन प्रौढ व्यक्तींनी, त्याच क्रमाने चालत, प्रत्येक पट्ट्यातल्या औषधांच्या बाटल्या आणि पुड्या मोजायच्या आणि उचलून न्यायच्या. उचलल्यामुळे पुढच्या वेळी सापडतील त्या त्या पंधरवड्यातल्याच असतात. उचललेल्या कुठे ठेवायच्या याचीही सोय तीच, वर ठरवलेली. मुलांना हे काम देऊ नका. बाटलीवरचा विषारीपणा दाखवणारा त्रिकोण लाल असो, पिवळा, निळा की हिरवा, त्यांनी हात लावायचा नाही. हिरवा म्हणजे ‘सुरक्षित’ असं नसतं, त्यातल्या त्यात कमी विषारी इतकंच.

ते दोन जादा पट्टे कशासाठी? गोदेला पाणी सुटलं की वरच्या गावांच्या बाटल्या तुमच्या काठाला लागतात. नदीकडच्या पट्ट्यांत आकडा चढला आणि धुण्याच्या जागी उतरला, तर काहीतरी घडतंय असं म्हणता येतं. दोन्हीकडे एकदमच उतरला तर पाणी ओसरलं असेल किंवा फवारण्याच थांबल्या असतील. त्यासाठी प्रत्येक मोजणीच्या कागदावर तीन गोष्टी लिहा : गेल्या पंधरवड्यातला पाऊस, आवर्तन चालू होतं का, आणि ओळखीच्या पाच बागांत किती फवारण्या झाल्या. फवारण्या निम्म्या झाल्या म्हणून बाटल्या निम्म्या झाल्या, तर त्यात तुमचं काही नाही. सभेआधी किमान तीन मोजण्या हव्यात, म्हणजे जुलैच्या शेवटापासून. त्या काळात फवारण्या कमी असतात, म्हणून शक्य असेल तर पलीकडच्या काठावर, जिथे यंदा सभा घेणार नाही अशा गावातही दोन पट्टे धरा आणि हंगामभर दोन्ही गावं शेजारी ठेवून बघा. ही तुलना नसेल तर सप्टेंबर आणि डिसेंबरचे आकडे एकमेकांसमोर ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरी मोजणी माणसांची. ४० बागायतदार घ्या, तेच ४० हंगामाच्या शेवटी पुन्हा. ‘तुम्ही बाटल्या नदीकाठी टाकता का?’ असं विचारलंत तर सगळे नाही म्हणतील, आणि रागावतीलही. विचारायचं असं : ‘गेल्या फवारणीची रिकामी बाटली आत्ता कुठे असेल, दाखवता का?’ बाटली दाखवली, भोक आहे की नाही दिसलं, खूण केली, झालं. विचारणारा माणूस सभेत बोलणारा नसावा, नाहीतर समोरचा त्याला बरं वाटेल तेच दाखवतो.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. ४० पैकी १६ जणांकडे भोक पाडलेली बाटली दिसली, म्हणजे ४० टक्के. पण इतक्या छोट्या नमुन्यावरून परिसरातल्या सगळ्या बागायतदारांबद्दल बोलायचं तर खरा आकडा साधारण २५ ते ५५ टक्क्यांत कुठेही असू शकतो. हंगामाच्या शेवटी १६ चे २० जण झाले तर ढोल वाजवू नका. ३० झाले तर सांगण्यासारखं आहे. त्याच माणसांकडे परत गेल्याचा फायदा हा की टक्केवारीऐवजी ‘आधी नव्हतं, आता आहे’ असे किती आणि ‘आधी होतं, आता नाही’ असे किती, हे थेट मोजता येतं. दुसरा आकडाही अहवालात द्या. देणगीदार तो वाचून पळून जात नाहीत, उलट पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवतात.

इथे पाणीतपासणीचा मोह होईल, कारण टीडीएस मीटर आणि पीएचच्या पट्ट्या स्वस्त आहेत. टीडीएस मीटर पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवतो. कीटकनाशकाचं प्रमाण इतकं सूक्ष्म असतं की मीटरचा काटा हलणारही नाही. ‘टीडीएस कमी, म्हणजे पाणी औषधमुक्त’ हे वाक्य तुमच्या पोस्टरवर दिसलं तर ते चुकीचं शिक्षण ठरेल. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर घड्याळ बघून मोजा. रात्रभर वनस्पती आणि जीवजंतू तो वापरतात म्हणून पहाटे तो सर्वांत कमी, आणि प्रकाशसंश्लेषणामुळे दुपारी जास्त असतो. पीएचही दुपारी चढतो. ऑक्टोबरची नोंद सकाळी सातची आणि जानेवारीची दुपारी तीनची असेल, तर काहीही न करता पाणी ‘सुधारलेलं’ दिसेल. मुलांना शिकवण्यासाठी ही साधनं उत्तम. कार्यक्रमाचा परिणाम दाखवण्यासाठी यंदा ती बाजूला ठेवा.

शाळांकडे येऊ. तुमच्या चाचणीत सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले, याचा अर्थ प्रश्न फुकट गेले. ‘पाणथळी वाचवायला हव्यात का?’ याचं उत्तर सातवीतलं पोर प्रश्न संपायच्या आत देतं. ‘रामसर करार कुठे झाला?’ (इराण, १९७१) हे पाठांतर आहे. जो प्रश्न कार्यक्रमाआधीच दहापैकी आठ मुलं बरोबर सोडवतात तो काढून टाका, त्यात वाढायला जागाच उरत नाही. सप्टेंबरमध्ये चार शाळांबाहेरच्या दहा मुलांवर प्रश्न चालवून बघितले की हे लगेच कळतं.

चालतील असे प्रश्न विचार करायला लावणारे असतात. ‘आवर्तन बंद राहिलं आणि बंधाऱ्यातलं पाणी दोन फूट चढलं. शेकाट्या आणि पाणकावळा, दोघांपैकी कुणाची पंचाईत होईल, का?’ ‘काठावरचं पाणकणीस सगळं काढून टाकलं. पावसात शेतातून येणाऱ्या गढूळ पाण्याचं पुढे काय होईल?’ ‘मीटरवर टीडीएस १८० दिसला. या पाण्यात औषध नाही असं म्हणता येईल का?’ असे सहा प्रश्न, दोन चुकीच्या समजांवर (पाणथळ म्हणजे पडीक जागा, जलपर्णी कितीही वाढली तरी पाणी शुद्धच करते), दोन मुलाच्या स्वतःच्या घरातल्या सवयींवर. दहा पुरेत, एका तासिकेत आरामात होतात. ‘का’ असलेल्या उत्तरांना ०, १, २ असे गुण द्या. कशाला किती हे आधी लिहून ठेवा आणि वीस पेपर दोन जणांनी एकमेकांचे गुण न बघता तपासा. पाचाहून जास्त पेपरांत गुण जुळले नाहीत तर निकष पुन्हा लिहा. नाव नको, पण आधीचा आणि नंतरचा पेपर जुळायला हवा, म्हणून कोपऱ्यात आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि स्वतःची जन्मतारीख एवढंच लिहून घ्या. हजेरीपटावरचा क्रमांक टाळा, मुलांना लगेच परीक्षा वाटते.

चारही शाळांत एकदमच कार्यक्रम करू नका. चिठ्ठ्या टाकून दोन शाळा दिवाळीनंतर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घ्या, दोन जानेवारी-फेब्रुवारीत. चाचणी चारही शाळांत सहामाही परीक्षेनंतर एकदा आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, दुसऱ्या दोन शाळा सुरू होण्याआधी, एकदा. या मधल्या काळात पहिल्या दोन शाळांत जेवढी वाढ झाली त्यातून दुसऱ्या दोन शाळांतली वाढ वजा करायची, कारण थोडं तर मुलं पुस्तकातून आणि दुसऱ्यांदा तोच पेपर सोडवल्यानेही शिकतात. उरलेलं तुमचं. कुणावर अन्यायही होत नाही, सगळ्यांना कार्यक्रम मिळतो. चारच शाळा असल्यामुळे यावरून फार मोठे दावे करता येणार नाहीत, पण रॅलीच्या फोटोंपेक्षा हा पुरावा कितीतरी बरा. शेवटची चाचणी मार्चअखेर घ्या. जूनवर ढकललीत तर मुलं आठवीत, काही दुसऱ्या शाळेत गेलेली असतात, आणि अर्धे पेपर जुळत नाहीत.

वर्गातल्या पहिल्या तासाला एक मॉडेल करता येतं. पसरट ट्रेमध्ये शाडूचा उतार, तळाशी ‘तळं’, मध्ये ८ सेंटिमीटर रुंद स्पंजची पट्टी, शेजारी पट्टीविना दुसरा ट्रे. दोन्हींत माती कालवलेलं अर्धा लिटर पाणी सारख्याच वेगाने ओता. स्पंजच्या ट्रेमध्ये पाणी उशिरा आणि कमी गढूळ पोहोचतं. स्पंजच्या कडा शाडूने घट्ट दाबल्या नाहीत तर पाणी खालून पळतं आणि दोन्ही ट्रे सारखेच दिसतात, म्हणून आदल्या दिवशी एकदा करून बघा. खरी मजा दुसऱ्या फेरीत आहे : पाण्यात शाई मिसळा. गाळ अडतो, शाई बरीचशी पार जाते. काठची झुडपं-गवत माती अडवतात, पण पाण्यात विरघळलेलं सगळं अडवत नाहीत, हे मुलांना कुणी सांगावं लागत नाही. तिसऱ्या फेरीला स्पंज भिजून टम्म झालेला असतो आणि पाणी थोपवत नाही. पुराचा विषय तिथून काढा.

सहलीला एका वेळी वीस मुलं, चार-चारचे पाच गट, प्रत्येक गटाला एक दुर्बीण (८ बाय ४० च्या आसपासची) आणि एक मोठं माणूस. चाळीस मुलं मनोऱ्यावर चढवलीत तर अर्ध्यांना पुढच्याची पाठ दिसेल. दुर्बीण धरायला आणि फोकस करायला आदल्या दिवशी शाळेच्या मैदानावर शिकवा. न शिकवल्यास सहलीचा पहिला तास चाक फिरवण्यातच जातो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं असतं, म्हणून साडेसात ते दहा ही वेळ ठरवा. चापडगावच्या बाजूने जायचं असेल तर स्थानिक गाईड घ्या, त्यांना आज पक्षी कुठे बसलेत ते माहीत असतं. आदल्या संध्याकाळी पाण्याच्या पातळीची चौकशी करा. पातळी चढली की उथळ कडा बुडतात आणि काल दिसलेले शेकाटे आज नसतात. मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे हे मुक्कामावर पोहोचून शोधू नका. अभयारण्य असल्यामुळे वन्यजीव विभागाची परवानगी लागते, आणि जाळीने पाणकिडे पकडणं हे तिथे करूच नका, त्यासाठी गावतळं बरं. पांढऱ्या ट्रेमध्ये किडे अर्धा तास बघून जिथले तिथे सोडायचे.

सहलीत मुलांना द्यायच्या कार्डावर पन्नास पक्ष्यांची यादी नको. सहा पुरेत : शेकाट्या, थापट्या, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, राखी बगळा, दलदली हारिण (शिकारी पक्षी). प्रत्येकाला तीन मिनिटं बघायचं आणि तो चिखलात, उथळ पाण्यात, बुडी मारून, पाणकणसात की हवेतून खाणं मिळवतो, एवढीच खूण करायची. चाचणीतला पाण्याच्या पातळीचा प्रश्न याच कार्डातून सुटतो. शेतकऱ्यांच्या पोरांसमोर ‘सगळे पक्षी शेतकऱ्याचे मित्र’ असं मात्र म्हणू नका. जांभळी पाणकोंबडी उभ्या पिकात शिरते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

पैशांची साधारण वाटणी अशी धरा : दुर्बिणी आणि साहित्य ३० हजार, गाड्या २५ हजार, कार्डं आणि छपाई २० हजार, मोजणी १५ हजार, गाईडचं मानधन १२ हजार, सभा-चहापाणी १० हजार, आणि ८ हजार हाताशी. मोजणीचे १५ हजार मुख्यतः पट्टे चालणाऱ्या आणि घरोघरी जाणाऱ्या माणसांच्या मजुरीचे आहेत. हे काम फुकटात करून घेतलं की तिसऱ्या पंधरवड्याला खंड पडतो. भरण्याची टाकी बसवायची ठरली तर गाड्या आणि छपाईतून कापा. टीशर्ट या यादीत नाहीत, ते मुद्दामच.

अहवाल दोन पानांचा करा. पहिल्या पानावर ठरवलेलं वाक्य, आधीचे आणि नंतरचे आकडे, तुलनेच्या गावाचे आणि शाळांचे आकडे. दुसऱ्यावर काय झालं नाही आणि तुमच्या मते का. ‘इतक्या हजार लोकांपर्यंत पोहोचलो’ हा आकडा देणगीदाराने मागितला तर द्या, पण परिणामाच्या पानावर नको, तो मेहनतीचा आकडा आहे. तीच दोन पानं ग्रामसभेत वाचून दाखवा. मोजणी ज्यांच्या बांधावर झाली त्यांना निकाल आधी कळायला हवा.

राहिली रॅली. बंद करू नका, मुलांना आवडते आणि गाव जमतं. तिच्याकडून शिक्षणाची अपेक्षा तेवढी सोडा. २ फेब्रुवारीला पाहुणे पक्षी अजून पाण्यावर असतात, तेव्हा ढोल-ताशे काठाने नेऊ नका, गावातून बाजारतळाकडे वळवा आणि तारीख जवळच्या आठवडी बाजाराला जुळवून घ्या. बाजारतळावर दुसऱ्या दोन शाळांतल्या मुलांनी स्पंजचा ट्रे मांडावा, शेजारी सहा पट्ट्यांचा तोवरचा आलेख लावावा. बाटल्यांचा आलेख बघायला बागायतदार थांबतात, आणि ‘आमच्या मोटारीजवळचा पट्टा कुठला?’ असं विचारतातही. तो सांगू नका. पट्ट्यांना क्रमांकच ठेवा, नाहीतर पुढच्या पंधरवड्यात लोक मोजणीच्या आदल्या दिवशी काठ झाडून ठेवतील.